जास्वंदीवरचा कापूस, कढीपत्त्यावरच्या अळ्या आणि लेबल नसलेली बाटली

वाचकाचं पत्र

आम्ही बदलापूरला तळमजल्यावर राहतो. मागे दहा बाय बारा फुटांचं परस आहे. त्यात जमिनीत लावलेली पाच फुटी जास्वंद, कमरेइतका कढीपत्ता, ग्रो बॅगमध्ये वांगी आणि पंधरा-वीस कुंड्या. गणपतीच्या आधीपासून जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरा कापूस दिसतोय. शेंड्याची पानं चुरगळून गुच्छ झालीत, कळ्या न उमलताच गळतात, खालची पानं चिकट आणि काळी पडलीत. खोडावरून मुंग्यांची रांग कायम असते. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या आल्यात आणि पानं फस्त करतायत. जास्वंद आणि भिंतीच्या मध्ये पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा मोठा कोळी बसलाय, जाळ्यात मधोमध पांढरी फुली. मुलगा त्या बाजूला जायला घाबरतो. कुंडी उचलली की खाली वाणी वळवळतात. वांग्यावर लाल ठिपकेवाले किडे आहेत, पण ते मित्रकीटक असतात असं मुलाच्या पुस्तकात आहे म्हणून मी त्यांना हात लावला नाही. सासूबाई कुंड्यांत मीठ-हळद टाकायला सांगतात. नर्सरीवाल्याने मोठ्या कॅनमधून पाण्याच्या बाटलीत औषध ओतून दिलं आणि 'लिटरला झाकणभर, सगळीकडे मारा' म्हणाला. यजमान म्हणतात, एकदाच सगळं फवारून मोकळं होऊ. सुरुवात कुठून करू?

— एक वाचक, बदलापूर

उत्तर

ताई,

आधी त्या बाटलीचं बघू. पाण्याच्या बाटलीत विष ठेवणं हा मूल असलेल्या घरात सगळ्यात मोठा धोका आहे, किडे नंतर. कीटकनाशक कायदा, १९६८ प्रमाणे लेबलशिवाय सुटं औषध विकताच येत नाही. कारण साधं आहे: आत कुठलं रसायन आहे ते कळलं नाही तर मात्रा ठरत नाही, फवारल्यावर भाजी किती दिवस तोडायची नाही ते ठरत नाही, आणि कुणाला बाधा झालीच तर डॉक्टरांनाही अंदाजाने उपचार करावे लागतात. ऑर्गेनोफॉस्फेट गटाच्या विषबाधेत अ‍ॅट्रोपीन देतात. पायरेथ्रॉइड या दुसऱ्या गटाच्या कीटकनाशकाच्या बाधेवर तो उतारा नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. ती रोज पंप पाठीवर घेणारी माणसं होती. आपण तर कढीपत्त्याच्या शेजारी, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली फवारणार. तेव्हा बाटलीवर मार्करने ठळक 'विष' लिहा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, मुलाचा हात पोचणार नाही अशा कुलपात ठेवा आणि नगरपालिकेच्या घातक घरगुती कचऱ्यात वेगळी द्या. मोरीत किंवा गटारात ओतू नका.

आता यजमानांचा 'एकदाच सगळं' हा बेत. तुम्ही लिहिलेल्या सगळ्या जिवांमध्ये फवारणीच्या लायकीचा एकच आहे: जास्वंदीवर कापसासारखा दिसणारा पिठ्या ढेकूण. त्याची अंडी कापसाच्या पिशवीत असतात आणि अंगावर मेणाचा थर असतो. सरसकट विष मारलं की उघड्यावर फिरणारे कोळी, ढालकिडे (लेडीबर्ड), गांधीलमाश्या आधी मरतात आणि पिशवीतली अंडी राहतात. आठ-दहा दिवसांत पिल्लं बाहेर येतात तेव्हा त्यांना खायला कुणी उरलेलं नसतं. फवारणी केल्यावर कीड दुप्पट झाली, अशी तक्रार बऱ्याच बागांतून येते. तिच्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. शिवाय इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही औषध असेल तर ते रसातून फुलातल्या मधापर्यंत जातं, आणि जास्वंदीवर तर मधमाश्या आणि शिंजीर दोन्ही येतात.

म्हणून जास्वंदीपासून. आणि जास्वंदीत मुंग्यांपासून.

पिठ्या ढेकूण झाडाचा रस शोषतो. रसात साखर भरपूर आणि प्रथिनं कमी, त्यामुळे त्याला गरजेपेक्षा खूप जास्त रस प्यावा लागतो आणि उरलेलं गोड पाणी तो मागून टाकतो. तुमची पानं चिकट झालीत ती त्याने. या चिकट्यावर काळी बुरशी वाढते, ती काजळी. ती पानाच्या आत शिरत नाही, वरवर बसते आणि ऊन अडवते. ओल्या फडक्याने पुसली जाते. मुंग्या तो गोडवा गोळा करायला येतात आणि त्या बदल्यात राखण करतात. ढालकिडा आला तर चावून हाकलतात, छोट्या परोपजीवी माश्यांना अंडी घालू देत नाहीत, आणि पिल्लं उचलून नव्या फांदीवर नेऊन ठेवतात. रांग चालू असताना केलेली फवारणी म्हणून फार टिकत नाही.

मुंग्या मारायच्या नाहीत, झाडावर चढू द्यायच्या नाहीत, एवढंच. जमिनीपासून वीतभर उंचीवर खोडाभोवती तीन इंच रुंद टेप घट्ट गुंडाळा. सालीला खाचा असतील तर टेपखाली कापूस दाबा, नाहीतर मुंग्या बोगद्यासारख्या खालून जातात. टेपवर ग्रीसचा पातळ थर द्या. ग्रीस सालीला थेट लावू नका, साल जळते. जास्वंदीला बुंध्यापासून तीन-चार फांद्या फुटलेल्या असतील तर प्रत्येकीला वेगळा पट्टा हवा. मग झाडाभोवती एक फेरी मारा: एखादी फांदी भिंतीला, ग्रिलला किंवा कपड्यांच्या दोरीला टेकते का? एक जरी टेकली तरी पट्टा फुकट. ती छाटा किंवा सुतळीने आत ओढून बांधा. पावसाने आणि धुळीने ग्रीस निकामी होतं, दहा-पंधरा दिवसांनी नवीन लावा. दोन महिन्यांनी टेप काढून टाका. तसाच राहिला तर खाली ओल धरते आणि वाढत्या खोडाला काचतो.

वारूळ जवळच असेल आणि रांग फारच मोठी असेल तर आमिष ठेवता येईल. कपभर कोमट पाण्यात आठ चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा टाकणखार (बोरॅक्स) विरघळवा. कापसाचे बोळे त्यात भिजवून भोकं पाडलेल्या झाकणाच्या डबीत ठेवा आणि डबी रांगेच्या कडेला ठेवा. टाकणखार जास्त घालण्याचा मोह होतो, घालू नका. जास्त झाला की मुंगी वाटेतच मरते, वारुळात काही पोचत नाही. पहिले एक-दोन दिवस रांग उलट वाढेल, ती वाढू द्या, पुसू नका. बोळे दोन-तीन दिवसांनी बदला. हे पाणी कुंडीत सांडू नका, बोरॉन जास्त झाला की पानांच्या कडा करपतात. डबी मुलाच्या आणि मांजराच्या वाटेत नको. मुंग्या मारण्याचा खडू मात्र बाहेर कामाचा नाही: रेघ ओलांडणाऱ्या तेवढ्या मरतात, वारूळ शाबूत राहतं, आणि पहिल्या सरीत रेघ धुऊन जाते.

आता कापूस. शेंड्यांची पानं चुरगळून गुच्छ झालीत असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे हा बहुधा गुलाबी पिठ्या ढेकूण आहे. त्याच्या लाळेने कोवळी पेरं आखडतात. काडीने एक चिरडून बघा, लालसर रस निघाला तर तोच. (कपाशीवरचा पिठ्या ढेकूणही जास्वंदीवर येतो. त्याच्या पांढऱ्या पाठीवर काळसर ठिपक्यांच्या जोड्या दिसतात आणि शेंडे एवढे आखडत नाहीत. उपाय दोन्हींवर सारखेच.) आखडलेला शेंडा पुन्हा सरळ होत नाही, आणि त्याच्या घड्यांमध्ये कुठलंही फवारलेलं पाणी पोचत नाही. म्हणून फवारणीच्या आधी कात्री. गुच्छाच्या खाली वीतभर, डोळ्याच्या (जिथून नवी फूट येते त्या जागेच्या) किंचित वर, तिरका काप. कापण्याआधी शेंड्यावर प्लास्टिकची पिशवी उलटी घाला आणि पिशवीतच कापा. नाहीतर पिल्लं खालच्या पानांवर सांडतात. पिशवीचं तोंड बांधून दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा, मग कचऱ्यात. कंपोस्टच्या ड्रममध्ये हा माल कधीच नको. कात्री स्पिरिटने पुसा. झाडाचा तिसरा भाग गेला तरी चालेल, जास्वंद छाटणी सोसते. नव्या फुटीवर कळ्या यायला दीड-दोन महिने लागतील, म्हणजे नवरात्रात फुलांची बोंब राहील. ते आत्ताच मान्य केलेलं बरं. चार फुलं वाचवायला म्हणून ठेवलेल्या फांदीवरूनच कीड परत पसरते.

छाटल्यावर सकाळी नळीला बोट लावून जोरदार धार मारा, खालून वर, पानांची मागची बाजू आणि फांद्यांची बेचकी. निम्मं काम इथेच होतं. उरलेल्या जाड ठिपक्यांवर सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस टेकवा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साबणाचं पाणी. बागकामाच्या दुकानात पोटॅशियम साबण द्रवरूपात मिळतो. लिटरला ५ मिली. पाच फुटी झाडाला छाटणीनंतर दोन लिटर पुरेसं होतं. कपड्यांची पावडर अजिबात वापरू नका, तिच्यातल्या सोड्याने पानं भाजतात. भांड्यांचं लिक्विड अगदीच अडलं तर लिटरला २ मिलीपेक्षा जास्त नको आणि तासाभराने साध्या पाण्याने धुवा. कुठलंही असो, आधी दोन पानांवर मारून दोन दिवस थांबा; डाग पडले नाहीत तर पुढे. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात साबण फाटतो, वर पांढरी साय येते आणि परिणाम शून्य. परसात पावसाचं पाणी बादलीत धरलेलं असेल तर त्याच्यासारखं दुसरं नाही. साबण किड्याच्या अंगाला लागला तरच काम करतो. वाळल्यावर त्याच्यात काही दम नाही. म्हणजे घाईघाईने वरून शिंपडण्यापेक्षा एकेक फांदी हातात धरून, उलटसुलट करून, पाणी ओघळेपर्यंत मारायचं.

सात दिवसांनी कडुनिंबाचं तेल. इथे बहुतेकांची गडबड मिसळण्यात होते. तेल थेट पाण्यात ओतलं की ते वर तरंगतं. मग पंपातून आधी नुसतं पाणी येतं आणि शेवटी नुसतं तेल, आणि त्या शेवटच्या झाडाची पानं जळतात. आधी वाटीत ५ मिली तेल आणि २ मिली तोच साबण घोटा, मग चमचा-चमचा कोमट पाणी घालत दुधासारखं पांढरं करा, आणि मग लिटरभर करा. तासा-दोन तासांत वापरून टाका, फवारताना पंप हलवत राहा. तयार अझाडिरॅक्टिन (कडुनिंबातला कीड मारणारा घटक) वापरणार असाल तर बाटलीवरचा आकडा वाचा. १०,००० पीपीएमचं लिटरला २-३ मिली पुरतं. निंबोळ्या साठवलेल्या असतील तर पाच टक्के अर्क स्वस्तात होतो: ५० ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून पिळून गाळा, लिटरभर करा, किंचित साबण घाला, त्याच दिवशी वापरा. शिळा अर्क उपयोगाचा नाही. तेल असो की अर्क, वेळ संध्याकाळचीच. ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी तेल मारलं तर पानं तळली जातात.

पुढच्या आठवड्यात पुन्हा साबण. त्यानंतरही पिल्लं दिसली तर कृषी सेवा केंद्रात व्हर्टिसिलियम लेकॅनी नावाची बुरशी मिळते. पावडर असेल तर लिटरला ५ ग्रॅम. ती किड्याच्या अंगावर रुजून त्याला मारते. तिला दमट हवा लागते, म्हणजे तुमच्याकडे पाऊस परतायच्या आधीचे हे दिवस तिच्यासाठी उत्तम, आणि नोव्हेंबरमध्ये ती फुकट जाईल. पाकिटावरची मुदत तपासा, ती जिवंत गोष्ट आहे. निंबतेल किंवा बुरशीनाशकाबरोबर एकाच पंपात मिसळू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: मारण्याआधी प्रत्येक 'कापूस' नीट बघा. पिठ्या ढेकणाच्या वस्तीत त्याच्यासारखाच दिसणारा, पण मोठा, अंगावर लांब मेणाचे झुपके असलेला आणि भराभर चालणारा एखादा आढळेल. तो पिठ्या ढेकूण नाही. क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची ती अळी, पिठ्या ढेकूण आणि त्याची अंडी हेच तिचं जेवण. मादी पिठ्या ढेकूण तीन-चार मिलिमीटरची आणि काडी लावली तरी जेमतेम सरकते. ही अळी वाढून सव्वा सेंटिमीटर होते आणि काडी लावताच पळते. हा ढालकिडा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. भारतात १८९८ साली कॉफीवरच्या किडीसाठी आणला आणि इथलाच झाला. द्राक्षबागांमध्ये तो मुद्दाम सोडतात. मोठा झाल्यावर काळपट, डोकं आणि मागचं टोक नारिंगी, जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढा. पिठ्या ढेकणांमध्येच तपकिरी, फुगून कडक झालेले दाणेही सापडतील. ते परोपजीवी माशीने आतून पोखरलेले पिठ्या ढेकूण आहेत, प्रत्येकातून एकेक छोटी माशी बाहेर पडणार आहे. असे दाणे दिसणारी फांदी छाटू नका आणि तिच्यावर फवारूही नका. अळी दिसली तर तिला पानासकट उचलून फवारायच्या नसलेल्या फांदीवर ठेवा. मुंग्यांचा पट्टा नीट बसला असेल तर महिन्याभरात हेच कामाला लागतात. एका झाडासाठी क्रिप्टोलिमस विकत आणून सोडण्यात मात्र अर्थ नाही, खाणं संपलं की तो उडून जातो.

हे सगळं करूनही वीस-पंचवीस दिवसांत कापूस परत आला तर दोन ठिकाणी बघा. एक, बुंध्याजवळची माती बोटभर उकरून. काही वेळा पिठ्या ढेकूण मुळांवर आणि बुंध्याच्या सालीखाली दबा धरतो, मुंग्यांनी तिथे बारीक माती उकरलेली असते. दुसरं, खतं. युरिया किंवा भरमसाट शेणखत देऊन झाड लुसलुशीत वाढवलं की रस शोषणाऱ्या सगळ्या किडी खूश. छाटणीनंतर लगेच 'ताकद यावी' म्हणून खत देऊ नका. दोन ओंजळी कंपोस्ट महिन्याभराने.

कढीपत्त्यावरच्या अळ्या. त्या बहुधा कॉमन मॉरमॉन नावाच्या काळ्या फुलपाखराच्या आहेत, किंवा लिंबाच्या फुलपाखराच्या. लहानपणी विष्ठेसारख्या दिसतात म्हणून पक्षी टाळतात. वाढल्या की हिरव्यागार होतात. बोट लावलं तर मानेतून लाल-नारिंगी दोन शिंगं बाहेर काढून उग्र वास सोडतात. विषारी नाहीत, खाजही येत नाही, मुलाला निर्धास्त दाखवा. हे महाराष्ट्राच्या राज्य फुलपाखराचं, राणी पाकोळीचं, भाऊबंद. २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू ठरवणारं आपलं पहिलं राज्य. राणी पाकोळीची अळीसुद्धा लिंबाच्याच कुळातली पानं खाते.

कमरेइतक्या झाडाला दोन-तीन अळ्या सहज परवडतात. तुम्ही फोडणीला शेंडा खुडता तेव्हा खालून नवी फूट येते, इथेही तेच होणार. अळीची भूक शेवटच्या चार-पाच दिवसांतच खरी वाढते आणि पान संपत आलं असं वाटेपर्यंत ती कोषात गेलेली असते. दहा-बारा असतील तर जास्तीच्या हलवा. हाताने ओढू नका, पकड घट्ट असते, पाय तुटतात. ती बसलेली डहाळीच कापा आणि शेजारच्या मोठ्या कढीपत्त्याला टोचून ठेवा. ती आपणहून सरकते. दीड फुटाच्या आतलं रोप असतं तर एकही ठेवू नका असं सांगितलं असतं. पुढच्या वेळी लवकर कळायला हवं असेल तर कोवळ्या पानांवर मोहरीएवढी पिवळसर गोल अंडी शोधा, एकेकटी घातलेली असतात. कढीपत्त्यावर विष मारू नका. तो धुऊन लगेच कढईत जातो.

कोळी राहू द्या. वर्णनावरून ती अर्जिओपी जातीची, 'सिग्नेचर स्पायडर' म्हणतात ती मादी आहे. डोकं खाली, पाय दोन-दोन जोडून फुलीसारखे, आणि त्याच रेषेत रेशमाची पांढरी नागमोडी नक्षी. नक्षी कशासाठी यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. किडे ओढायला, किंवा पक्ष्यांनी जाळ्यात घुसू नये म्हणून. जवळपास बारकाईने बघितलंत तर तिच्या पाव आकाराचा एक तपकिरी कोळी कडेला दिसेल, तो नर. ही मादी अंगावर येत नाही. हाताने दाबली तरच चावेल, आणि तेही गांधीलमाशीपेक्षा सौम्य. माश्या, पतंग, नाकतोडे पकडते; कधी मधमाशीही, ते खरं आहे.

जाळं जाण्यायेण्याच्या वाटेत असेल तर संध्याकाळी वाटेच्या बाजूचे आधाराचे दोन-तीन धागे काडीने तोडा. ती धाग्यावरून खाली सुटेल, काडीवर झेलून कुंपणाच्या झुडपात ठेवा. जाळं ती तसंही वरचेवर नवं विणते. हे साबण फवारायच्या आधी करा, कारण साबणाचं पाणी कोळ्यालाही सोडत नाही. मुलाला लांबून रोज एकदा बघायला सांगा, जाळ्यात काय अडकलंय ते. पावसाळा सरता सरता ती अंड्यांची रेशमी पिशवी करेल. ती मेल्यावर पिशवी झाडू नका.

वांग्यावरच्या किड्यांबाबत मात्र पुस्तक अर्धंच सांगतं. ढालकिडे बहुतेक मित्र असतात, पण वांग्यावर बसणारा अठ्ठावीस ठिपक्यांचा एपिलॅक्ना पान खातो. ओळख सोपी. मित्र चकचकीत असतो, वॉर्निश लावल्यासारखा. एपिलॅक्ना तांबूस पण निस्तेज, भिंगातून पाहिलं तर अंगावर बारीक लव. पान उलटं करा: हिरवा गर खरवडलेला आणि शिरांची जाळी उरलेली असेल तर तोच. त्याची अळी पिवळी, अंगभर फांद्या फुटलेल्या काट्यांची. औषध नको. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, किडे सुस्त असतात. साबणाच्या पाण्याचा वाडगा खाली धरून पान झटका. धोका ओळखला की ते पाय आखडून पडतात, म्हणून वाडगा आधी खाली हवा. पानामागे पिवळी, उभी, एकमेकांना चिकटून असलेली अंडी चिरडा. मित्र ढालकिड्यांची अंडीही पिवळी आणि उभीच असतात, फक्त ती माव्याच्या वस्तीजवळ घातलेली असतात. त्याच पानावर मावा असेल तर हात आवरा. आठवडाभर रोज पाच मिनिटं पुरतात.

राहिले वाणी. कुजलेली पानं आणि ओल हे त्यांचं अन्न, जिवंत झाडाला ते क्वचितच त्रास देतात. फार ओल असेल तर कोवळ्या रोपांची मुळं कुरतडतात तेवढंच. एका वेढ्याला पायांच्या दोन जोड्या आणि हात लावताच गुंडाळी, तो वाणी. एकच जोडी, चपटं अंग आणि सुसाट पळणं, ती गोम; तिच्यापासून मुलाला लांब ठेवा, ती चावते. वाणी चिरडू नका, त्याच्या अंगातून निघणाऱ्या द्रवाने त्वचेवर डाग पडतो आणि तो हात डोळ्याला लागला तर जळजळतं. झाडूने सुपलीत घेऊन कंपोस्टमध्ये टाका, तिथे तो कामाचा आहे. कुंड्या दोन-दोन विटांवर उचलून ठेवा, खालची ओली पानं काढा, वरचा इंचभर थर सुकल्याशिवाय पाणी घालू नका. पंधरवड्यात संख्या घटेल.

सासूबाईंना सांगा, हळद चालेल, पण कोरडी असेपर्यंतच. मीठ नको. मिठाने वाणी जातील, पण कुंडीतलं मीठ जात नाही; ते मुळांचं पाणी ओढतं आणि पानांचे शेंडे तपकिरी पडायला लागतात. आधीच कुठल्या कुंडीत टाकून झालं असेल तर कुंडीच्या तळाचं भोक मोकळं करा आणि कुंडीत मावेल त्याच्या तीनपट साधं पाणी सावकाश ओतून निचरू द्या.